‘सुगरणा’ नको!

प्रश्न असा आला आहे: पाककृतींच्या कार्यक्रमात एका पुरुष स्पर्धकाला ‘हा तर सुगरणा निघाला!’ अशी दाद मिळाली. ‘सुगरण’चं पुल्लिंग हेच का?

नाही. कानाला खटकावा असा शब्द आहे हा. आचारी, स्वयंपाकी, बल्लव हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांच्यात वेळ घालवत नाही. खरी गंमत ‘सुगरण’च्या पोटात आहे. त्यात स्वयंपाक नाहीच! सुगृहिणी – सुघरिणी – सुगरीण – सुगरण असा तो प्रवास. म्हणजे घर नीट चालवणारी. अन्न हा त्यातला एक भाग. ‘सुग्रास’शी याचं नातं जोडणाऱ्यांनी ‘ग्रास’मधला स कुठे गेला ते आधी सांगावं. आमच्या बाजूने गुजरातीची साक्ष आहे: तिथे सुगरण पक्ष्याला ‘सुघरी’ म्हणतात. मराठीत ‘घ’चा ‘ग’ होताना गेलेला ह-कार तिथे शाबूत आहे.

‘घरिणी’ तर थेट हाल राजाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे जुन्या प्राकृत गाथांच्या संग्रहात भेटते. ‘महाणसा’त, म्हणजे मुदपाकखान्यात, राबताना काजळीचा हात तिच्या तोंडाला लागतो, तोंड डागाळलेल्या चंद्रासारखं दिसतं आणि नवरा हसतो. रांधणारी बाई आणि शेजारी उभा राहून शेरे मारणारा पुरुष! माइक तेवढा नाही.

आता ‘शेफ’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ प्रमुख, मुळात लॅटिन ‘डोकं’. स्वयंपाक त्यातही नाही. एका शब्दात घर, दुसऱ्यात हुद्दा. म्हणून टीव्हीवर पुरुष ‘शेफ अमुक’ होतो आणि बाईच्या नावापुढे ताई, वहिनी, काकू लागतं. 2010 साली ‘मास्टरशेफ इंडिया’चं पहिलं पर्व पंकज भदौरिया या शिक्षिकेने जिंकलं. किताब मात्र मास्टर आणि शेफ, दोन्ही पुरुषी घडणीचे. ‘आम्ही सारे खवय्ये’ या कार्यक्रमाचं नाव घ्या. सारे आणि खवय्ये, दोन्ही पुल्लिंगी अनेकवचन. ‘खवय्या’ला रुळलेलं स्त्रीलिंग आहे का, शोधा. खाणारा तो, रांधणारी ती, हे व्याकरणातच ठरून गेलेलं.

क्रियापदंही कान देऊन ऐकावीत. ‘कांदा परतायचा, भाजी घालायची, मीठ घालून घ्यायचं’ या रूपांत क्रियापद कांद्या-भाजीच्या लिंगाने चालतं, करणारीचा पत्ताच नसतो. घरगुती पाककृती बहुधा अशाच सांगितल्या जातात. शेफ म्हणतो, ‘मी इथे बटर वापरतोय.’ कर्ता हजर! (‘घालून घेणे’ हा वेगळाच आजार. कोशिंबिरीसाठी कांदा आधी चिरून घेणं ठीक, कारण तो पुढे लागणार असतो. पण पातेल्यात पडलेलं मीठ ‘घालून घेतलं’ म्हणजे कुणी घेतलं?) मापांचंही तेच. तिचं ‘अंदाजाने’, त्याचं ग्रॅममध्ये. चव बिघडली की तिचा हात चुकतो, त्याचं ‘प्रमाण’ चुकतं.

पुल्लिंग शोधायचंच तर ‘गृहिणी’ची जोडी ‘गृहस्थ’शी, म्हणून ‘सुगृहस्थ’ होईल. पण त्याला कुणी पोळ्या लाटायला सांगणार नाही. त्यापेक्षा झाडाकडे बघा. सुगरण पक्ष्यात खोपा नर विणतो. अर्ध्यावर आला की पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पाहते, पसंत पडला तर राहते, मग तो प्रवेशाची नळी पुरी करतो. इतकं करूनही नाव ‘ती सुगरण’.

तेव्हा ‘तो सुगरण आहे’ असं बिनदिक्कत म्हणावं, शेवटी काना न लावता. संकोच वाटत असेल तर ‘याच्या हाताला चव आहे’ म्हणा. कार्यक्रमांत हे वाक्य बायकांसाठी राखून ठेवलेलं असतं आणि पुरुषाच्या वाट्याला ‘टेक्निक छान’ येतं.