सगळं पुन्हा लिहू नका, आधी बटण रिकामं करा

बिलाच्या स्क्रीनवरच्या ‘सेव्ह’ बटणामागे कोडच्या १,२०० ओळी, सवलत आणि कराचा हिशेब त्यातच गुंतलेला, आणि आता तोच हिशेब मोबाइल अ‍ॅपला हवाय. तर सगळं नव्याने लिहायचं का, असं तुम्ही विचारलंय. नको.

हे फक्त तुमच्याकडेच झालंय असं नाही. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या साधनात फॉर्मवरच्या बटणावर डबल क्लिक केलं की थेट त्या क्लिकचा कोड लिहायची जागा उघडायची. मग हिशेबही तिथेच लिहिला जायचा, मीही लिहिलाय. डेटा आणि त्याचं दर्शन वेगळं ठेवणारी एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) ही मांडणी ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७९ सालीच केली होती, पण डबल क्लिकपुढे कोण ऐकतो!

हिशेबाचा नियम स्क्रीनपासून खरंच सुटा झाला का, याची माझी कसोटी साधी आहे: हा नियम रात्री आपोआप चालणाऱ्या कामात (बॅचमध्ये), स्क्रीनसमोर कोणी नसताना चालेल का? टेक्स्टबॉक्समधून दर वाचणारा किंवा मध्येच ‘नक्की ना?’ विचारणारा कोड तिथे अडून बसतो.

खरी गंमत स्क्रीन आणि नियम यांच्या सीमेवरच्या गोष्टींत आहे. बिलातल्या तीन ओळींची रक्कम प्रत्येकी १०.००४ आहे असं धरा. स्क्रीन दोन दशांश दाखवते, म्हणजे १०.०० तीनदा. खाली बेरीज मात्र ३०.०१, कारण ती मूळ आकड्यांची आहे. ग्राहक म्हणतो, बिल चुकलं. आधी प्रत्येक ओळ दोन दशांशांपर्यंत आणायची की शेवटी फक्त बेरीज, हा व्यवसायाचा निर्णय आहे, पण बहुतेक ठिकाणी तो रकान्याच्या फॉरमॅटवर सोडलेला असतो. मग छापील बिल एक सांगतं आणि अ‍ॅप दुसरंच.

तसंच ‘रद्द करा’ बटणाचं. माल रवाना झाल्यावर बटण लपवलं म्हणजे नियम लागू झाला असं नाही; अ‍ॅपला ते बटण माहीतच नसतं. नियम ऑर्डरपाशी ठेवा, स्क्रीनने फक्त विचारावं. उत्तरही ‘लाल’ असं नको, ‘उधारीची मर्यादा ओलांडली’ असं हवं. रंग स्क्रीन ठरवेल.

रकाना रिकामा आहे का, ही तपासणी स्क्रीनवरही राहू द्या. तेवढ्यासाठी सर्व्हरपर्यंत फेरी कशाला? अंतिम निकाल मात्र स्क्रीनमागच्या, नियम ठेवलेल्या आतल्या थराचाच.

सुरुवात सवलतीपासून करा. जुनी काही बिलं घेऊन आजचा कोड काय उत्तर देतो ते नोंदवून ठेवा. मग हिशेब एका फंक्शनमध्ये हलवा: नग, दर, ग्राहकाचा प्रकार आणि तारीख बाहेरून द्यायची. तारीखसुद्धा, आत घड्याळ बघितलंत तर जुनं बिल पुन्हा तपासता येणार नाही. बटणाकडे उरेल ते एवढंच: वाचा, हाक मारा, दाखवा. नोंदवलेली उत्तरं जशीच्या तशी आली की पुढचा नियम घ्या. वाटेत एखादं जुनं उत्तरच चुकीचं निघेल. हात शिवशिवतील, पण ती चूकही आधी तशीच हलवा आणि वेगळ्या बदलात काढा.