सत्तरीनंतर लस घेऊन फायदा होतो का?

प्रश्न: आईचं वय ७२. दरवर्षी फ्लूची लस देतो तरी यंदा तिला फ्लू झालाच. आता डॉक्टर नागिणीची लस घ्या म्हणतायत. वय झालं की लस लागूच होत नाही असं ऐकलंय, खरंय का? आधी इम्युनिटीच्या गोळ्या सुरू करू का?

उत्तर: लागू होते, पण कमी, आणि कारण पेशींच्या आतच आहे बघा. लस टोचली की ती ओळखणाऱ्या मोजक्या टी पेशींना (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी) काही दिवसांत हजारोंनी वाढायचं असतं, त्यासाठी त्या एरवीचा निवांत कारभार सोडून भराभर साखर जाळायला लागतात, नवीन डीएनएसाठी कच्चा माल बनवतात. उतारवयात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, थकलेली असतात, त्यामुळे हा गिअर बदलायलाच वेळ लागतो, त्यात टी पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली म्हणून नव्या कोऱ्या टी पेशीही कमीच. म्हणजे तुमच्या आईंनी काही चुकीचं केलं असं अजिबात नाही, आणि लस घेतलेल्याला फ्लू झाला तरी तो गंभीर व्हायची शक्यता कमी असते, त्यामुळे ती बंद करू नका.

मला यात सगळ्यात आशेचं काय वाटतं, तर पेशी कमी पडतात म्हटल्यावर लसच जास्त जोरकस करता येते. अमेरिकेत ६५ च्या वरच्यांना फ्लूची चौपट डोसची लस देतात, २०१४ च्या मोठ्या चाचणीत ती साध्या लसीपेक्षा साधारण २४ टक्के जास्त उपयोगी ठरली. नागिणीचं तर विचारूच नका! जुनी जिवंत विषाणूची लस सत्तरीनंतर जेमतेम ३८ टक्के चालायची, आणि नवीन शिंग्रिक्स, जिच्यात रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारा ॲडज्युव्हंट घातलाय, ती त्याच वयात ९० टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक! भारतात ती २०२३ पासून मिळते, महाग आहे हे मान्य, पण नागिणीनंतर महिनोन्‌महिने राहणारी आग आणि ठणका ज्यांनी घरात बघितलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नका. एव्हरोलिमससारख्या औषधाच्या अगदी छोट्या डोसने ज्येष्ठांचा फ्लूच्या लसीला मिळणारा प्रतिसाद साधारण २० टक्के वाढला होता, पण ते संशोधन आहे, दुकानातल्या पावडरींशी त्याचा संबंध नाही.

शिंग्रिक्सचे दोन डोस असतात, मध्ये २ ते ६ महिने. पहिल्यानंतर हात दुखणं, एक-दोन दिवस कणकण येणं नॉर्मल आहे, हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरून दुसरा डोस टाळतील.