दत्तक, स्वयंदत्त आणि कुत्र्याची शेपटी

दापोलीहून एका वाचकाने विचारलंय : ‘हर्णैच्या किनाऱ्यावर टाकलेलं कुत्र्याचं पिल्लू आम्ही एका प्राणिमित्र गटाकडून आणलं. त्यांनी आमच्याकडून “दत्तकपत्र” भरून घेतलं. काका म्हणतात, दत्तक फक्त माणसाचं असतं. बरोबर कोण? आणि रेस्क्यू डॉगला मराठीत काय म्हणायचं?’

काका निम्मे बरोबर, पण कारण चुकलं. गाव दत्तक, झाड दत्तक, रस्त्यातलं वाहतूक बेटसुद्धा दत्तक. मग कुत्र्यानेच काय घोडं मारलंय? माझं दुखणं वेगळं आहे. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. दत्तकाला आधी देणारा लागतो. म्हणून तर मराठीत मूल दत्तक देतात, दत्तक घेतात आणि मूल दत्तक जातं. तुमचं पिल्लू दिलं कोणी? ते तर पुळणीवर टाकलेलं. मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत, त्यात यासाठी नेमका शब्द आहे : अपविद्ध. आईबापांनी टाकलेला, दुसऱ्याने आपला म्हणून घेतलेला.

हा भेद शिळा झालेला नाही. आजच्या कायद्यातही सोडून दिलेलं मूल वेगळं आणि आईबापांनी बालकल्याण समितीच्या स्वाधीन केलेलं वेगळं. स्वाधीन करणाऱ्यांना फेरविचाराला ६० दिवस मिळतात. सोडून दिलेल्याच्या आईबापांचा आधी शोध घ्यावा लागतो, मगच समिती त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवते. पुढे ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या, पोर्टलवर नोंदणी, घरी येऊन चौकशी, आणि २०२२पासून शेवटचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांचा. कुत्र्याला यातलं काहीही नाही. तुमचा फॉर्म ही त्या गटाने लस, नसबंदी यांबद्दल घेतलेली हमी. तिला ‘दत्तकपत्र’ म्हणू नये, तो नोंदणीचा दस्त असतो.

व्हॉट्सॲपवर एक महाशय ‘दत्तक’ हा शब्द दत्तगुरूंवरून काढतात. का, तर दत्ताच्या पायाशी चार कुत्रे! दोन्ही शब्द ‘दा’ धातूचे, एवढंच नातं. पण भागवतातली दत्ताच्या नावाची फोड बघा. अत्रीला मूल हवं होतं, तेव्हा भगवान म्हणाले, ‘दत्तो मयाहम्’, मी स्वतःलाच दिलं. म्हणजे दत्त हा दत्तक नव्हे, स्वयंदत्त! हाही बारांपैकीच एक : आईबाप नसलेला किंवा विनाकारण टाकलेला, जो आपणहून कोणाचा तरी होतो.

आणि आता खरी गंमत. स्वयंदत्ताचं आद्य उदाहरण ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं. बापाने शंभर गाईंना विकलेला, बळी द्यायला यज्ञाच्या यूपाला (खांबाला) बांधलेला मुलगा सुटतो आणि सरळ विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. बाप परत मागतो, हा जात नाही. नवं नाव मिळतं देवरात (‘रात’ म्हणजे दिलेला, रात्र नव्हे). जुनं नाव काय होतं? शुनःशेप. म्हणजे कुत्र्याची शेपटी! आपल्या ‘शेपटी’तला शेप तो हाच. भाऊ कोण, तर शुनःपुच्छ आणि शुनोलांगूल. तिन्ही पोरं शेपट्याच.

आपण ‘अमक्याच्या मांडीवर दत्तक दिला’ म्हणतो, ती मांडी मला थेट विश्वामित्राची वाटते. माझे एक प्राध्यापक मित्र हे हसण्यावारी नेतात. म्हणतात, मांडीवर बसवणं हा नुसता विधी, त्याला कथा कशाला हवी? अहो, पण विधी काय आभाळातून पडतो? त्यांनी पुरावा मागितला, मी त्यांच्याकडे उलट पुरावा मागितला. तेव्हापासून फोन नाही.

माझ्याकडचा काळा कुत्रा मे महिन्यात आला. मी पडवीत रातांबे फोडत होतो, दोन्ही हात लाल. तीन दिवस तो गडग्यापाशी बसून होता. चौथ्या दिवशी आला आणि ओलं नाक माझ्या टाचेला लावून आडवा झाला. कोणी दिला नाही, मी घेतला नाही, रेस्क्यू तर अजिबातच केला नाही. नाव ठेवलं देवरात. शेजारच्या वहिनी त्याला ‘देवऱ्या’ म्हणतात आणि तो त्यांच्याच हाकेला आधी धावतो, कारण बांगड्याची डोकी त्यांच्याकडे असतात.