घरात लोकरीचा साठा वाढत चाललाय आणि घरचे वैतागलेत. विणकाम करणाऱ्यांनी यातून मार्ग कसा काढावा?

तुमचा प्रश्न वाचला आणि आधी मान वळवून दिवाणाकडे बघितलं. माझी लोकर त्याच्या पोटात असते. तुम्ही लिहिलंय की ठाण्याच्या वन बीएचकेत दोन सूटकेस लोकर झालीये, पाच कामं अर्धवट आहेत, जांभळी शाल दीड वर्ष अडीच फुटांवर अडकलीये, तो रंग आता मिळत नाही, आणि मिस्टर म्हणतात, "आधी आहे ते संपव, मग नवीन आण." हे वाक्य आमच्या घरात २०१४ पासून मुक्कामाला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मी नाशिकची. पतसंस्थेत नोकरी, घरात नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत दिवाण रिकामा केला आणि सगळी लोकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर थोडी थोडी करून तोलली. ९ किलो २०० ग्रॅम. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो लागते आणि माझे वर्षाला दोन होतात. सातवीतल्या मुलाने उभ्या उभ्या हिशेब केला, "आई, नऊ वर्षं पुरेल." एरवी याचा भागाकार हटकून चुकतो.

तोलताना एक मात्र लक्षात आलं. या नऊ किलोंवरून घरात कोणी कधी भांडलेलं नाही. दिवाणाचं झाकण लावलेलं असतं, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. भांडणं झाली ती बाहेर पडलेल्या कामांवरून. सोफ्यावर बसताना सुई टोचली म्हणून, जेवायच्या टेबलावर बाही पसरली होती म्हणून, आणि सगळ्यात जास्त माझ्या "थांब, एवढी ओळ संपू दे"वरून. मुलगी लहान असताना भातुकलीत बाहुलीला दटावायची, "रडू नको गं, ओळ संपू दे." मी आतल्या खोलीतून ऐकलं. हसले, पण त्या दिवशी सुया खाली ठेवल्या.

म्हणून माझ्या मते लोकर कमी करायच्या मागे आधी लागू नका. मी आधी वेळ बदलली. जाळीची वीण, जिच्यात दर ओळीला टाके मोजावे लागतात, ती फक्त रविवारी दुपारी, घर झोपलेलं असताना. बाकीच्या दिवशी संध्याकाळी एक ओळ सुलट, एक ओळ उलट, फार तर दोन सुलट दोन उलट. असलं काम ओळीच्या मधोमध सोडून उठता येतं. टाके सुईच्या मागच्या बाजूला सरकवायचे, टोकाला रबरबँडचे दोन वेढे द्यायचे आणि कुकर बंद करायला जायचं. टाका गळत नाही आणि वरणही लागत नाही.

आता अर्धवट कामं. प्रत्येकाला अडायचं स्वतःचं कारण असतं, आणि ते कारण आळस हे फार क्वचित असतं. माझी तीन होती. तिन्ही समोर मांडली आणि एकेकीला विचारलं, बाई, तू का अडलीस?

पहिला नणंदेच्या मुलाचा निळा स्वेटर. इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना होता, त्यात ८ नंबरच्या सुया लिहिलेल्या. सासूबाईंच्या ८ नंबरच्या सुया घरात होत्याच, बसले विणायला. आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलेले नंबर ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर. नमुन्यात १० सेंटीमीटरला १८ टाके धरलेले, माझ्या सुईवर बसले २२. छातीला १०८ टाके होते, म्हणजे घेर ६० सेंटीमीटर यायला हवा होता तो आला ४९. पाच वर्षांच्या पोराच्या अंगाला लावून बघितला, त्याने पोट आत घेऊन मदत करायचा प्रयत्नही केला, आणि स्वेटर पिशवीत गेला तो दोन वर्षं. कारण कळल्यावर मात्र दोन संध्याकाळींत निकाल लागला. बाह्या घातल्याच नाहीत, काखेला आणि गळ्याला पट्टी विणली आणि तो एका मैत्रिणीच्या सुनेच्या बाळंतविड्यात टोपडं-मोज्यांबरोबर गेला. तेव्हापासून मी नंबर वाचत नाही, मिलिमीटर वाचते, आणि आधी हातभर नाही तरी वीतभर तुकडा विणून पट्टीने मोजते. ही वीतभर लोकर वाया जाते असं पूर्वी वाटायचं.

दुसरा नवऱ्याचा राखाडी. इथे लॉट नंबरने घात केला. लोकरीच्या कागदी पट्टीवर शेड नंबराशेजारी लॉट नंबर छापलेला असतो. एका लॉटचे गुंडे एकाच वेळी रंगवलेले असतात. शेड तीच असली तरी लॉट बदलला की रंग किंचित हलतो. मी ४०० ग्रॅम आणली, डावी बाही राहिली, वर्षाने आणखी १०० ग्रॅम आणली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सख्ख्या बहिणी. बाही पूर्ण करून गच्चीवर उन्हात नेली तर ती वेगळ्याच स्वेटरची. नवरा म्हणाला, "अगं, कोण बघतंय?" पण मला दिसत होतं ना. शेवटी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत उसवल्या, आणि खाली दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, अशा शेवटपर्यंत विणल्या. दोन छटा एकमेकींत मिसळल्या की फरक डोळ्याला टोचत नाही, मुद्दाम केल्यासारखा दिसतो. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या लागल्या की तो हाच घालून पहाटे दूध आणायला जातो. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात यापेक्षा स्वस्त मिळतो हे सांगायचंही त्याने आता बंद केलंय.

तिसरं काम माझी शाल, आणि तिच्यामुळे आमचा फ्रीज गाजला. आधी एक सांगते. आपण ज्याला लोकर म्हणतो त्यातल्या बहुतेक गुंड्यांचा मेंढीशी काही संबंध नसतो. लुधियानाकडून येणारं ते अ‍ॅक्रिलिक. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, घोंगडीला उत्तम, पण तान्ह्या बाळाच्या मानेला नको. माझ्याकडे खरी मऊ लोकर एकच होती, मेलबर्नच्या चुलतबहिणीने आणलेली मेरिनो मेंढीची, आणि नेमकी तिलाच कसर लागली. शेजारच्या अ‍ॅक्रिलिकला कसरीने तोंडही लावलं नाही. तिच्या अळीला प्राण्याच्या केसातलं केराटिन लागतं, प्लॅस्टिकच्या धाग्यात तिचं पोट भरत नाही. अर्धी विणलेली शाल आणि उरलेले गुंडे झटकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले. गोठवल्यावर अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घराच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर लोकरीला दव सुटतं. हे सगळं मी वाचून शिस्तीत केलं. फक्त घरात सांगायचं राहिलं. सासूबाई मटार काढायला गेल्या आणि हातात गारेगार करडी शाल आली. "अगं, हे काय गोठवलंयस?" आधी त्यांना मेलेलं मांजर वाटलं होतं, हे त्यांनी दोन दिवसांनी कबूल केलं. हल्ली खऱ्या लोकरीत वेखंडाचे तुकडे ठेवते, त्यांच्याच सांगण्यावरून. डांबराच्या गोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांजवळ अजिबात ठेवू नका, तान्ह्या मुलांना त्या अपायकारक असतात, आणि तो वास जाता जात नाही.

पट्टी हरवलेले गुंडे कशाचे हे कळत नसेल, तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि राख चुरगळली तर मेंढीची. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. असल्या गुंड्याच्या कपड्यावर इस्त्री फिरवू नका, वीण चपटी होते ती कायमची.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे. त्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं विणायच्या, मोज्याची टाच मला त्यांनीच शिकवली. डोळ्यांमुळे बारीक काम सुटलं. मागच्या डिसेंबरात त्यांनी कपाटातून सासऱ्यांचा तपकिरी स्वेटर काढला. कोपर फाटलं होतं. म्हणाल्या, "किती वर्षं घडीत ठेवायचा? उसव." मला धीर होईना, तर त्यांनीच ब्लेडने शिवणीचा धागा कापला, गळ्याकडचं टोक शोधलं आणि ओढायला सुरुवात केली. उसवलेला धागा नागमोडी येतो, शिजवलेल्या शेवयांसारखा. मुलाला समोर बसवून त्याच्या दोन हातांवर लडी घेतली. तो पहिली दहा मिनिटं कुरकुरला, मग आजीकडून आजोबांच्या स्कूटरच्या गोष्टी ऐकत तासभर हात वर करून बसला. लडी चार जागी सैल बांधली, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवली आणि सावलीत वाळत घातली, खाली तांब्या अडकवून, वजनाने धागा सरळ व्हावा म्हणून. साधारण ३५० ग्रॅम निघाली. तिचा मुलाला बिनबाह्यांचा स्वेटर झाला. शाळेत तो चालत नाही, क्लासला घालतो. आता सासूबाई रोज दुपारी जाड सुयांवर २० टाक्यांचे नुसते सुलट चौकोन विणतात, उरल्यासुरल्या लोकरीचे, रंगाची फिकीर न करता. साठहून जास्त झालेत. जोडायचं काम माझं, आणि मला शिवण आवडत नाही, म्हणजे नवीन अर्धवट काम तयार होतंय हे मला दिसतंय.

साठ्याचं म्हणाल तर मी एकच चाळणी लावली. गुंडा हातात घेतल्यावर माणूस डोळ्यांसमोर आला तर ठेवायचा. "रंग छान होता म्हणून" एवढंच आठवलं तर द्यायचा. दोन किलो अशीच एका वृद्धाश्रमात दिली, तिथे तिघी आजी विणतात. त्यांनी चकचकीत भगवी सगळ्यात आधी उचलली, जी घेतल्याचं मला स्वतःला कोडं होतं. तुम्ही ठाण्यात राहता, तिथे स्वेटर अंगावर किती दिवस चढणार? पुढची खरेदी सुती धाग्याची करा. क्रोशाचे साखळी आणि खांब हे दोन टाके जमले की तोरण, बाळाचं दुपटं, उन्हाळ्याची पिशवी, सगळं होतं, आणि घरचे ते वापरतातही. मिस्टरांनी भाजीला ती पिशवी नेली की सूटकेसबद्दलचा सूर थोडा उतरतो, हा अनुभव आहे.

राहिली तुमची जांभळी शाल. रंग मिळत नाही म्हणता, तर दीड वर्षाने तो लॉट मिळायचा नाहीच. सुईवरची रुंदी मोजा, तिच्या चौपट धागा टाके बंद करायला राखून ठेवा, बाकीचा संपेल तिथवर विणा आणि थांबा. शाल म्हणून ती आखूडच पडेल. पण तुम्ही लिहिलंय की सासरे एसीत बसून क्रिकेट बघतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. अडीच-तीन फूट तेवढ्याला पुरतं.