तारांकित प्रश्न आणि ‘हे खरे नाही’ हे तीन शब्द

नमस्कार.

आपण लिहिले आहे की, आपल्या घाटकोपरच्या चाळीच्या पुनर्विकासातील थकीत भाड्याचा प्रश्न येत्या मंगळवारच्या विधानसभेच्या तारांकित यादीत, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या यादीत, अकराव्या क्रमांकावर आला आहे, आमदारांच्या कार्यालयाने प्रेक्षक गॅलरीच्या चार प्रवेशिका देऊ केल्या आहेत, आणि ‘मंत्री सभागृहात उत्तर देणार म्हटल्यावर आता काम झालेच’ असे आपल्या समितीतील मंडळींना वाटते आहे. हे शेवटचे वाक्य वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीतही हेच वाक्य बोलले गेले होते. तारांकित आणि अतारांकित यांतला फरक वगैरे आपल्याला एव्हाना ठाऊक झाला असेल, त्यात मी जात नाही. मी वकील नाही आणि विधानमंडळाच्या कामकाजाचा अभ्यासकही नाही. जे सोसले आणि त्यातून जे कळले, तेवढेच सांगतो.

आमच्या लालबागच्या चाळीत ६२ गाळे होते. इमारत पाडून झाल्यावर विकासकाने दोन वर्षे पर्यायी जागेचे भाडे नियमित दिले आणि मग एका ऑक्टोबरपासून ते बंद केले. ज्या कार्यालयाने त्याला जाब विचारायचा, त्या कार्यालयात आम्ही जानेवारी ते मे या काळात तीन अर्ज दिले. तिन्ही अर्जांच्या प्रतींवर आवक शिक्का आहे, उत्तर मात्र एकाचेही नाही. अखेर आमच्या आमदारांनी पावसाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न देण्याचे मान्य केले. त्यांच्या स्वीय सहायकांनी प्रश्नाचा मसुदा आमच्याकडेच मागितला आणि तो मी लिहिला. आमचे सर्वांत मोठे नुकसान त्या मसुद्याने केले, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

प्रश्नाची घडण ठरलेली असते. पहिल्या भागात घटना सांगून ‘हे खरे आहे काय’ असे विचारायचे, दुसऱ्या भागात ‘असल्यास’ म्हणून पुढचा तपशील घ्यायचा, तिसऱ्यात ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले’ असे विचारायचे आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असे लिहायचे. म्हणजे पुढचे सगळे भाग पहिल्याच्या आधाराने उभे असतात. मी त्या पहिल्या भागात एका दमात लिहिले की, विकासकाने माहे जानेवारीपासून सर्व ६२ भाडेकरूंचे भाडे बंद केले असून संबंधित कार्यालयाने तक्रारींची दखल घेतलेली नाही, हे खरे आहे काय. वस्तुस्थिती अशी होती की, भाडे ऑक्टोबरपासूनच थकले होते आणि जानेवारी हा आमच्या पहिल्या अर्जाचा महिना होता. शिवाय चौघांनी विकासकाशी परस्पर बोलणी करून आपले पैसे घेतले होते, म्हणजे भाडे ५८ जणांचे राहिले होते. हे दोन्ही तपशील मला माहीत होते. लिहिताना मी ते बारकाईने पाहिले नाहीत, कारण भावार्थ पोहोचला म्हणजे पुरे, अशी माझी समजूत होती.

अधिवेशनाच्या त्या दिवशी सकाळी विधान भवनाच्या फाटकाशी स्वीय सहायकांनी छापील उत्तराचे पान आमच्या हाती दिले. पावसाने कागद दमट झाला होता. त्यावर दोनच ओळी होत्या:

(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

तीन अर्ज, नऊ महिन्यांचे थकलेले भाडे आणि ५८ कुटुंबे त्या दोन ओळींखाली गेली. आमच्याबरोबर तळमजल्यावरच्या सत्तरी ओलांडलेल्या काकू होत्या. भाडे थांबल्यापासून त्या डोंबिवलीला मुलीच्या घरी राहत होत्या आणि पहाटेची लोकल पकडून आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून ते पान दोनदा वाचले आणि मला विचारले, ‘म्हणजे आपण खोटं बोललो, असं लिहिलंय का यात?’ मला त्यांना उत्तर देता आले नाही.

तरीही थोडी आशा होती, कारण तारांकित प्रश्नाचे बळ छापील उत्तरापेक्षा त्यावर विचारल्या जाणाऱ्या उपप्रश्नांत असते. आमचा क्रमांक नववा होता. अकरा वाजता कामकाज सुरू झाले. पहिला प्रश्न सिंचनाच्या एका रखडलेल्या कामाचा होता. त्यावर दोन्ही बाजूंचे सदस्य उठत राहिले आणि वीस मिनिटे गेली. दुसऱ्या प्रश्नावर गदारोळ झाला, काही सदस्य वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरले आणि कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब झाले. चौथा प्रश्न चालू असतानाच अध्यक्षांनी ‘प्रश्नोत्तराचा तास संपला आहे’ असे जाहीर केले. ज्या प्रश्नांची पाळी येत नाही, त्यांची छापील उत्तरे पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवली असे मानले जाते आणि तीच कायमची नोंद होते. सिंचनाच्या प्रश्नावर बोलणाऱ्या सदस्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या गावच्या शेतकऱ्यांनीही आमच्यासारखीच वाट पाहिली असणार. परंतु २८८ सदस्यांच्या सभागृहात एका तासात किती प्रश्न हाताळले जाऊ शकतात, याचा हिशेब आम्ही आधी करायला हवा होता.

खरा धक्का पुढे बसला. माहितीच्या अधिकारात आम्ही त्या प्रश्नाची नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, मागवली. उत्तराबरोबर मंत्र्यांसाठी विभाग एक पूरक टिपणी तयार करतो, उपप्रश्न आल्यास हाताशी असावी म्हणून. त्या टिपणीत स्वच्छ लिहिले होते की, ५८ भाडेकरूंचे भाडे ऑक्टोबरपासून थकीत आहे आणि तीन अर्ज प्राप्त झाले आहेत. म्हणजे खरी माहिती त्या दिवशी सभागृहात मंत्र्यांच्या समोरच्या कागदांत होती. आमचा प्रश्न पुकारला गेला असता आणि कोणी एका सदस्याने ‘जानेवारी नव्हे, तर ऑक्टोबरपासून किती जणांचे भाडे थकले आहे’ एवढेच विचारले असते, तर ती माहिती बाहेर आली असती.

उत्तराचा पहिला मजकूर कोण लिहितो, हेही त्या नस्तीवरून कळले. प्रश्न विभागाकडे येतो, विभाग तो माहितीसाठी खालच्या कार्यालयाकडे पाठवतो, तेथून आलेल्या अहवालावर कक्ष अधिकारी मसुदा करतात आणि तो वरिष्ठांमार्फत मंत्र्यांपर्यंत जातो. आमच्या बाबतीत अहवाल पाठवणारे कार्यालय तेच होते, ज्याने तीन अर्ज दाबून ठेवले होते. महिना आणि आकडा चुकला आहे, हे दिसताच त्यांनी ‘हे खरे नाही’ असे कळवले. ‘हे अंशतः खरे आहे’ असेही उत्तर देता येते आणि ते नेहमी दिले जाते. त्यांनी ते दिले नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच अहवालावर उत्तर बेतायचे, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे. सगळीच कार्यालये अशी नसतात. आम्हाला मदत करणारे अधिकारीही भेटले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्या एका कार्यालयाबद्दल मात्र माझ्या मनात आजही राग आहे. पुढचे कित्येक महिने आम्ही ज्या टेबलापाशी जात असू, तेथे आम्हाला ऐकवले जाई की, शासनाने विधानसभेत हे खरे नाही असे सांगितलेले आहे, तेव्हा आता काय करणार.

आता आपल्या मंगळवारविषयी.

आपला प्रश्न यादीत आला आहे, त्यामुळे शब्द बदलण्याची वेळ गेली, असे धरून चाला. आजच छापील प्रश्न काढा आणि त्यातला प्रत्येक महिना, आकडा, नाव आणि पत्ता मूळ कागदांशी ताडून पाहा. काही चुकले असेल, तर पहिला उपप्रश्न त्या चुकीच्या दुरुस्तीचाच हवा. उपप्रश्न तीनच लिहा, प्रत्येक एका ओळीचा, आणि कागद सोमवारी रात्रीच आमदारांच्या हाती द्या, स्वीय सहायकांच्या नव्हे. गॅलरीत मोबाइल नेता येत नाही आणि तेथून खूण करणे किंवा बोलणे चालत नाही, त्यामुळे ऐनवेळी सुचलेले काहीही आपण खाली पोहोचवू शकणार नाही. यासाठी चौघांपैकी एकाने आत न जाता मोबाइल आणि मूळ कागद घेऊन बाहेर थांबावे. आम्ही चौघेही उत्साहाने आत गेलो होतो.

प्रश्नावर आणखी कोणत्या सदस्यांची नावे आहेत, ते पाहा. पुकारा होताना आपले आमदार जागेवर नसतील, तर त्यांच्यापैकी कोणी तो विचारू शकतो, पण त्यालाही विषय ठाऊक हवा. पक्ष पाहू नका; चाळीचे भाडे हा पक्षाचा विषय नाही. विधान परिषदेतही कोणी सदस्य हाच विषय मांडू शकतात का, हे विचारून ठेवा. तेथे सदस्य ७८ आहेत आणि प्रश्नोत्तराचा तास वेगळा असतो.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या चाळीतील कोणी एकाने जरी याच विषयावर न्यायालयात दावा लावला असेल, तर तो नेमका कशाबद्दल आहे, हे आमदारांना आधीच सांगा. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ एवढ्यावर चर्चा थांबू शकते, आणि दावा भाड्याचा नसून गाळ्याच्या मालकीचा आहे, हे त्या क्षणी सांगणारे कोणी लागते.

अकरावा क्रमांक पाहता प्रश्न पुकारला जाणार नाही, अशी तयारी ठेवावी, असे मला वाटते. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. पण प्रश्न पुकारला गेला नाही, तर निराश होऊन परत फिरू नका. त्याच दिवशी आमदारांना भेटून पुढची पायरी ठरवा. छापील उत्तर अपुरे असेल तर नियम ९४ अन्वये अर्धा तास चर्चा मागता येते, आणि विषय तातडीचा असेल तर नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना, म्हणजे त्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून निवेदन मागणारी सूचना, देता येते. काही जण चुकीच्या उत्तराबद्दल लगेच विशेषाधिकार भंगाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केल्याच्या तक्रारीची, भाषा करतात. माझे मत विचाराल, तर तो मार्ग आपल्यासाठी नाही; त्यात हेतू सिद्ध करत बसावे लागते आणि भाड्याचा विषय मागे पडतो.

आम्हाला लक्षवेधीने तारले. ती पुढच्या वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात, म्हणजे मुंबईतच, लागली. या वेळी मसुदा मी एकट्याने लिहिला नाही; तिघांनी बसून प्रत्येक आकड्यापुढे पावती ठेवली. संध्याकाळ उलटून गेली होती, सभागृहात फार तर तीस-चाळीस सदस्य होते. गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालण्यापुरत्या किमान उपस्थितीसाठी, एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे २९ सदस्य लागतात, आणि मी गॅलरीत बसून अक्षरशः डोकी मोजत होतो. मंत्र्यांचे निवेदन आधीच वाटलेले होते. आमदारांनी आमचा पहिला प्रश्न विचारला, ‘५८ भाडेकरूंचे भाडे ऑक्टोबरपासून थकीत आहे, हे विभागाला मान्य आहे काय?’ मंत्र्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘होय, मान्य आहे.’ काकूंनी माझा हात घट्ट धरला होता.

पुढचा भागही जपून करावा लागतो. मंत्री प्रथम म्हणाले की, या विषयावर बैठक घेण्यात येईल. आमच्या आमदारांनी लगेच उठून ‘किती दिवसांत’ असे विचारले, आणि मग एका महिन्यात थकबाकीची वसुली सुरू करू, असे उत्तर आले. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले असे आश्वासन कार्यवाहीत नोंदले जाते, त्याचा पाठपुरावा विधानमंडळाची आश्वासन समिती करते आणि ९० दिवसांत त्याची पूर्तता अपेक्षित असते. नुसत्या बैठकीच्या आश्वासनाची पूर्तता बैठक झाली की संपते, म्हणून मुदत आणि कृती हे दोन्ही शब्द मंत्र्यांच्या तोंडून येतील असा शेवटचा उपप्रश्न ठेवा. कार्यवाहीची प्रत हाती आली की त्या पानावर खूण करून ती प्रत्येक अर्जाला जोडा. आमचे भाडे महिन्यात सुरू झाले नाही, पाच महिने लागले. पण त्या पानानंतर एकाही टेबलावर ‘हे खरे नाही’ असे आम्हाला कोणी म्हटले नाही.

आमच्या लक्षवेधीचे उपप्रश्न लिहिलेला कागद अजून माझ्याजवळ आहे. नावे झाकून त्याचे छायाचित्र मी आज रात्री आपल्याला पाठवतो. आपल्या प्रश्नाचा पहिला भाग जसा छापला आहे तसाच, एकही शब्द न बदलता मला लिहून कळवा, म्हणजे सोमवारच्या आत महिना आणि आकडे आपण मिळून तपासू.