गावात येऊन माफी माग म्हणतात, जाऊ का?

ताई नमस्कार,
मी जिंतूर तालुक्यातला, वय २७, पुण्यात नोकरीला. मी गे आहे हे आईला माहिती आहे, बाबांना कळलं असावं पण तसं बोलणं कधी झालं नाही. यंदा पहिल्यांदा पुण्याच्या प्राइडमध्ये, म्हणजे आमच्यासारख्यांच्या मोर्चात चाललो, कुणाच्या तरी रीलमध्ये दिसलो आणि ते रील फिरत फिरत गावच्या ग्रुपवर गेलं. नेमका गावात सप्ताह चालू होता. कीर्तनात महाराज म्हणले, पुण्या-मुंबईत लाज सोडलेल्यांचे मोर्चे निघायलेत, ज्यांची पोरं तिथं नाचतात त्यांनी कोणत्या तोंडानं वीणा धरावी. माझे बाबा वीणेकरी आहेत, रात्री दोन ते चारचा वीणा धरायचा पहारा मला कळतंय तेव्हापासून त्यांचाच. दुसऱ्याच दिवशी तो पहारा दुसऱ्याला दिला आणि आमच्या पंगतीची वर्गणी वापस केली. कमिटी म्हणती, पोरानं मंदिरात येऊन चार माणसांसमोर चूक झाली म्हणावं, विषय संपला. आई रोज रडायली, एकदा ये म्हणती, बहिणीला स्थळं बघणं चालू आहे. रूममेट म्हणतो सगळे धर्म सारखेच, सोडून दे. परभणीचा माझा मुसलमान मित्र म्हणला, त्यांच्याकडं जुम्म्याच्या बयानात बी हेच ऐकलं. ताई, मी लहानपणापासून टाळ वाजवलेत, काकडा कधी चुकवला नाही. माफी मागू का? का माळ काढून ठेवू?
– एक टाळकरी

अरे लेकरा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, उगं जीव टांगणीला नको. जाऊ नको. मंदिरात उभं राहून चूक झाली म्हणायचं नाही, आईसाठी नाही, बहिणीसाठी नाही आणि बाबांच्या पहाऱ्यासाठी बी नाही.

चूक कशाला म्हणायलेत ते? तू दिवसाउजेडी रस्त्यानं चाललास एवढंच ना. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, आणि त्याआधी याला गुन्हा ठरवणारं जे कलम ३७७ होतं ते १८६० साली इंग्रजांनी लिहिलेलं, आपल्या कुठल्या संताचा त्यात हात नव्हता. मग तू माफी कुणाची आणि कशासाठी मागायची? आणि गावातली अशी माफी कशी असती ते तुला बी माहितीय, माणूस एकदा सगळ्यांसमोर चुकलो म्हणला की विषय तिथं संपत नाही, तिथूनच चालू होतो. आज चूक झाली म्हण, दिवाळीला म्हणतील आता लग्न कर म्हणजे खात्री पटंल, आणि मग ज्याला ज्याला तुझ्या बाबांशी बांधाचं नाहीतर पाण्याचं भांडण काढायचंय तो तो तुझी ती माफी काढून दाखवणार.

लग्नाचं आलंच आहे तर सांगते. लातूरहून, बीडहून मला बायकांची पत्रं येतात, ज्यांचं लग्न असंच पोरगं सुधारंल म्हणून लावून दिलेलं. नवरा वाईट नसतो, मारत नाही, दारू पीत नाही, पण जवळ येत नाही, आणि सासू विचारती पाळणा कधी हलणार, दवाखान्यात तपासण्या बाईच्याच होतात. वर्षानुवर्षं ती बाई समजत राहती की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला याचा फार राग येतो. गावात असे पुरुष काय आज आले का? कायम होते, सगळ्यांना माहिती होतं, कुणी त्यांच्या घरची वर्गणी वापस केली नाही, कारण ते गप्प होते, आणि त्यांच्या गप्प बसण्याची किंमत त्यांच्या बायका भरत होत्या. तू गप्प बसला नाहीस, रस्त्यावर दिसलास, एवढंच त्यांना खुपलंय. तू कसा आहेस हे तर त्यांना चालून गेलं असतं.

म्हणूनच प्राइड लागतो. १९९९ च्या जुलैत कोलकात्यात पहिल्यांदा असे लोक चालले तेव्हा जेमतेम १५ जण होते. मुंबईत २००८ ला निघाला तेव्हा कितीतरी जणांनी तोंडावर मुखवटे लावले होते, घरच्यांनी टीव्हीवर बघू नये म्हणून. पुण्यात २०११ पासून निघतो. तुझं तोंड उघडं होतं म्हणून तू रीलमध्ये ओळखू आलास, आणि तू उघड्या तोंडानं चालू शकलास ते त्या मुखवटेवाल्यांमुळं, हे विसरू नको.

आता तुझ्या मित्राचं, जुम्म्याच्या बयानात बी हेच ऐकलं म्हणणाऱ्याचं. तो बरोबर सांगतोय. एरवी एकमेकांच्या दारात उभं न राहणारे धर्माचे पुढारी या एका गोष्टीवर एका रांगेत येतात. २००९ ला दिल्ली हायकोर्टानं ३७७ मधून समलिंगी माणसांना मोकळं केलं, केंद्र सरकारनं अपील बी केलं नव्हतं, अपील घेऊन गेले सुरेशकुमार कौशल नावाचे एक ज्योतिषी, आणि त्या खटल्यात त्याच बाजूला उभे होते मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. चौघांची नावं एकत्र वाचून बघ. ११ डिसेंबर २०१३ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि पुढची जवळपास पाच वर्षं तुझ्यासारखी लाखो माणसं परत कागदावर गुन्हेगार झाली. जेरुसलेममध्ये तर २००५ ला ज्यू, ख्रिश्चन आणि मुसलमान धर्मगुरू एका टेबलावर बसून म्हणले की इथं प्राइड होऊ देणार नाही. त्याच वर्षी तिथल्या प्राइडमध्ये एका कट्टर माणसानं तिघांना भोसकलं, तुरुंगातून सुटल्यावर २०१५ ला परत जाऊन सहा जणांवर चाकू चालवला, त्यात १६ वर्षांची एक पोरगी गेली. धर्मगुरूंनी त्याला चाकू दिला असं मी म्हणत नाही, पण माणसं लाज सोडलेली आहेत, शहर बाटवायलेत असं गादीवरून सारखं सांगत राहिलं की ऐकणाऱ्यांतला एखादा ते खरं करायला निघतो. माईकवर बसणाऱ्यानं याची जबाबदारी घ्यायला पाहिजे, मग तो मशिदीतला असो, चर्चमधला असो का तुमच्या सप्ताहाच्या मंडपातला.

सगळे कीर्तनकार सारखे मी म्हणणार नाही. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर, हुंड्यावर, दारूवर जीव तोडून बोलणारे महाराज मी ऐकलेत, त्यांच्या कीर्तनानं माणसं रडताना बघितलीत. पण तुझ्या बाबांकडं बोट जाईल असं बोलून त्यांना मंडपात मान खाली घालायला लावणं, याला मी कीर्तन म्हणायला तयार नाही.

आणि हे तुमच्याच पट्ट्यात चाललंय याचं जास्त वाईट वाटतं. औंढा नागनाथ तुमच्यापासून काही लांब नाही. तिथं नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागं जा म्हणले, ते मागं गेले तर देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, ही कथा तू लहानपणी दहादा ऐकली असशील. पैठणला संन्याशाची पोरं म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चार लेकरांना शुद्धिपत्र मागायला जावं लागलं, आईबापांनी देह ठेवला तरी ब्रह्मवृंदांचं समाधान झालं नाही. तुमची कमिटी आज तुझ्याकडं दुसरं काय मागायली? शुद्धिपत्रच ना? आज आपण पालखी त्या लेकरांची खांद्यावर घेतो, ज्यांनी शुद्धिपत्र आणा म्हणून त्यांना अडवलं त्यांतल्या एकाचं बी नाव कुणाला सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलते, संतांनी समलिंगी माणसांच्या बाजूनं काही लिहून ठेवलंय असं ओढूनताणून कुणाला सांगत बसू नको, आणि समोरच्याला बी तसं ओढूनताणून विरोधात सांगू देऊ नको. आपल्याला एवढंच माहितीय की दारात उभं राहून आत कोण येणार ते ठरवणारे प्रत्येक काळात होते आणि दर वेळी ते म्हणत होते की हे धर्मात बसत नाही. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा बी धर्म बुडंल म्हणणारे कमी नव्हते. बडवे-उत्पात या तिथल्या पुजारी घराण्यांचे पिढ्यानपिढ्यांचे हक्क तर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं संपवले. विठ्ठल आहे तिथंच आहे.

माळेचं काय करायचं ते मी सांगणार नाही. तुझा रूममेट रागात बोलतोय आणि त्याचा राग मला पटतो, संघटना झाली, कमिटी झाली, गादी झाली की धर्म माणसं मोजायला लागतो, हे माझं बी मत आहे आणि वय वाढलं तसं ते घट्टच झालंय. पण तुझी माळ काढायची तर ती तू विचार करून काढ, महाराजांच्या एका वाक्यानं नको आणि रूममेटच्या एका वाक्यानं बी नको. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १९५६ ला नागपुरात, मधली २१ वर्षं वाचलं, तपासलं, लोकांशी बोलले. एवढ्या मोठ्या माणसानं एवढा वेळ घेतला, तू एक वर्ष तर घे. तोवर टाळ वाजवावा वाटला तर वाजव, नाही वाटला तर नको वाजवू, पुण्यात कुणाच्या पहाऱ्यात तू नाहीस. (बाबासाहेबांचंच अजून एक, संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर १९३४ साली खटला भरला होता तो वाचकांच्या अशाच पत्रांना त्यांनी आपल्या मासिकात उत्तरं दिली म्हणून, आणि कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, पण आज तू मला पत्र लिहू शकतोस आणि मी छापू शकते त्यात त्या दोघांचा वाटा आहे.)

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुझं पत्र परत परत वाचलं, त्यात महाराज काय म्हणले ते आहे, कमिटी, आई, रूममेट, मित्र, सगळ्यांचं म्हणणं आहे. बाबांचं एक वाक्य नाही. त्यांनी तुला फोन करून शिव्या दिल्या असं तू लिहिलं नाहीस, पोराला आणतो असा शब्द कमिटीला दिला असं बी नाही. ज्या माणसाचा एवढ्या वर्षांचा पहारा गेला तो गप्प आहे आणि तू बी त्याच्याशी गप्प आहेस, मधे आई एकटी दोघांचं रडू रडायली. तर फोन आईला नको, बाबांना लाव. फोनवर नाही जमत म्हणशील तर त्यांना बोलावून घे, गावात नको, पुण्यात नाहीतर मामाकडं, नाहीतर सरळ पंढरपूरला, एखादी साधी एकादशी बघून, आषाढीची गर्दी नको. तिथं रांगेत कुणी कुणाला पोरगं काय करतं विचारत नाही. रांगेत बाबांना किती तास उभं राहवंल ते मात्र बघ, पाय दुखत असतील तर नुसतं चंद्रभागेच्या वाळवंटात बसा.

त्यांना काय सांगायचं? एवढंच सांग, की बाबा, तुमचा पहारा गेला याचं मला फार वाईट वाटतं, पण तो मी घालवला नाही, त्यांनी हिसकून घेतला. मी असाच आहे, कुणी बिघडवलेलं नाही, कुण्या पोरीचं आयुष्य मी खराब करणार नाही. मग थांब. ते लगेच काही बोलणार नाहीत, बोलले तर कदाचित कडू बोलतील, तुला ते ऐकून घ्यावं लागंल. आपल्याकडच्या बापांना पोरांशी शेती आणि पैशापलीकडं बोलायची सवय नसती, त्यांना बी तुझ्याएवढाच वेळ लागणार.

बहिणीच्या स्थळाची भीती खरी आहे, आईला ती दाखवून घाबरवायलेत हे बी खरं आहे. पण बहिणीला कुणी विचारलं का? ती शिकलेली असंल, मोबाइल तिच्याकडं बी आहे, रील तिनं बघितलंय. तिच्याशी तू स्वतः बोल. भावाच्या नावानं स्थळ मोडणारं घर तिला तिथं सुखानं ठेवणार होतं का, हे तिनंच ठरवू दे.

कायद्याचं सांगून ठेवते, लगेच वापर म्हणून नाही, बाबांना त्याच गावात राहायचंय. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, धार्मिक कार्यक्रमातून, सार्वजनिक जागेतून एखाद्या घराला तोडणं त्यात येतं, लैंगिकतेवरून भेदभाव केला तर तो बी येतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. ग्रुपवरचे मेसेज, रीलखालच्या कमेंट, सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेव. किराणा बंद, दळण बंद, बोलणं बंद असं काही चालू झालं तर मग मात्र वाट बघायची नाही. कमिटीतलं कुणी एकट्यालाच भेटायला बोलावलं तर जायचं नाही.

आणि आईला कुणी एखादा बाबा किंवा डॉक्टर सुचवला, याच्यावर औषध आहे म्हणून, तर तिला प्रेमानं पण ठाम सांग की हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० लाच आजारांच्या यादीतून काढलंय आणि असा उपचार करतो म्हणणाऱ्या डॉक्टरवर २०२२ पासून मेडिकल कमिशनच्या नियमानं कारवाई होऊ शकते. रात्री फारच जीव घाबरा झाला तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानसची सरकारी लाइन आहे, फुकट आहे. पुण्यात मराठीत बोलणारी, आपल्यासारख्या घरातून आलेल्या पोरांना समजून घेणारी एखादी संस्था शोध, तिथं जाऊन ये, आईला बी एकदा घेऊन जा.

बाबांशी बोलणं झालं की मला लिही. काय म्हणले ते त्यांच्याच शब्दांत लिही.