प्रदूषण साफ केल्याने आई-बाळाच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का, याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

हो आहे की, बांगलादेशची हळद. स्टॅनफर्डच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआरबी या आरोग्य संशोधन संस्थेचं काम आहे हे. झालं असं की खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, तपासलेल्या जवळपास 30% जणींमध्ये जास्त, आणि आसपास ना कारखाना ना काही. मग माती, तांदूळ, कीटकनाशकं, सगळं तपासलं, शिशाचे आयसोटोप (एकाच धातूचे वजनाने किंचित वेगळे प्रकार, त्यांच्या प्रमाणावरून शिसं कुठून आलं ते कळतं) जुळवून पाहिले आणि ते जुळले कशाशी तर हळदीशी! हळकुंडं पॉलिश करताना वर पिवळाधमक रंग चढावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेली पिवळी पूड टाकायचे, तिकडे त्याला पेउरी म्हणतात, म्हणजे चक्क पेंटमधला रंग. 1980 च्या दशकात पुरात भिजून हळद काळपट पडली तेव्हापासूनची ही सवय. शिसं नाळेतून थेट बाळाकडे जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, म्हणून हा विषय आईपासूनच सुरू होतो.

2019 मध्ये हे छापून आल्यावर तिथल्या फूड सेफ्टीवाल्यांनी बाजारात एक्स-रे मशीन नेऊन जागेवर हळद तपासली, होलसेलवाल्यांना दंड केला आणि तो टीव्हीवर दाखवला (हे फार भारी केलं, नुसत्या नोटिशीला कोण विचारतं). 2019 ला 47% नमुन्यांत शिसं होतं ते 2021 मध्ये शून्यावर आलं, हळद गिरणी कामगारांच्या रक्तातलं शिसंही साधारण 30% उतरलं.

आपल्याकडेही सुटी हळद घेताना फार चकचकीत हळकुंडं दिसली तर मी तरी घेत नाही.